पुण्याहून कराड, कोकणमार्गे

हमरस्त्याने पुण्याहून कराडला पोचायला तीन-साडेतीन तास लागतात. आम्ही चार दिवस घेतले.

भाऊबीजेला अण्णा आले होते. अण्णा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ओवाळून झालं, चकल्यांचा डबा निम्मा झाला आणि अण्णा उठले. "दाजी, ती जीप कुठं हाय तुमची?"

जीप १९८९ची. एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. चार सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. चार गिअर, आणि गिअरच्या दांडीशेजारी दोन आखूड दांड्या : एक पुढची चाकं जोडायला, दुसरी हाय-लोसाठी, म्हणजे जास्त वेग हवा की जास्त जोर ते ठरवायला. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करून मी ती कागदोपत्री जिवंत ठेवली आहे. बाकी तिचा व्यायाम म्हणजे रविवारी चांदणी चौकापर्यंत जाऊन परत येणं.

अण्णांनी बॉनेट उघडलंच नाही. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा मागवला, गाडीखाली सरकवला आणि म्हणाले, "रातभर ऱ्हाऊ दे. सकाळी वाचू."

सकाळी पुठ्ठ्यावर चार डाग होते. इंजिनाखालचा काळा, म्हणजे इंजिन ऑइल. मधोमध, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या खाली दाट तपकिरी, नाकाशी नेलं तर सडक्या अंड्यासारखा वास, म्हणजे गिअर ऑइल. रेडिएटरच्या खाली गंजाच्या रंगाचं वर्तुळ. आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला जवळजवळ रंग नसलेला, बोटाला बुळबुळीत लागणारा रुपयाएवढा ओलावा. त्याच्यापाशी अण्णा जरा जास्त वेळ बसले. "ह्यो ब्रेकचा. ब्रेक ऑइल कधी बदललंय?"

मी आठवायला लागलो. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कळलं."

मग त्यांनीच प्रस्ताव मांडला की याच गाडीतून त्यांना कराडला सोडावं. हायवेने नको, कोकणातून जाऊ, घाट उतरू, घाट चढू. "यष्टीनं जलमभर दुसऱ्याला कोकणात पाठवलं. मी डेपोतच." बायको म्हणाली, दोघं मिळून वय १२५ आणि गाडी धरली तर विचारूच नका. पण डबा भरून दिला.

सामानात फॅन बेल्ट, एक होज पाइप, ब्रेक ऑइल, दोन लिटर इंजिन ऑइल, पाण्याचा २० लिटरचा कॅन, बाइंडिंग वायर, जुनी ट्यूब, कपडे धुवायच्या साबणाची वडी आणि हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी. नळी कशाला, असं मी विचारलं. "लागंल."

पहिला दिवस : पुणे – ताम्हिणी – हरिहरेश्वर

पौड मागे पडेपर्यंत मी हवेत होतो. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा उष्णतामापकाचा काटाही वर जायला लागला होता. अण्णांनी काट्याकडे पाहिलं नव्हतं, त्यांना वास आला होता. तापलेल्या रबराचा. पुढच्या चढावर बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

गाडी बाजूला घेतली आणि मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो. अण्णांनी मनगट धरलं. झाकणाखाली पाणी दाबात असतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. डेपोत एकाचा चेहरा असा भाजलेला त्यांनी पाहिला होता. अर्धा तास थांबलो. चकल्या खाल्ल्या.

थंड झाल्यावर झाकण हातात घेतलं तर त्याच्या आतलं रबर शिळ्या भाकरीसारखं कडक आणि तडकलेलं. पाणी १०० अंशांना उकळतं, पण बंद रेडिएटरमध्ये ७ पीएसआय दाब धरून ठेवला तर ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ती वरची दहा अंशांची सवलत म्हणजे ते झाकण. दाब धरणारं रबर मेलं की सवलत संपली. मी गेल्या वर्षी रेडिएटर काढून, साफ करून, रंगवून घेतला होता. झाकण तेच ठेवलं होतं, कारण ते पितळेचं होतं आणि छान दिसत होतं.

अण्णांनी जुन्या ट्यूबचा गोल वायसर कापून झाकणात बसवला. मग रेडिएटरच्या जाळीतून, पंख्याच्या बाजूने पुढे, बाटलीने पाणी मारलं. कुसळं, पतंगांचे पंख, पावसाळ्यातला वाळलेला चिखल असं बरंच काही निघालं. गार पाणी भरताना इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं ओतायला लावलं. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं तर हेडला चीर जाते, आणि मग प्रवास तिथेच संपतो. काटा त्या दिवशी पुन्हा चढला नाही.

म्हणून उताराला मी पुन्हा हवेत गेलो.

ताम्हिणीचा उतार तिसऱ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून उतरत होतो. दोन वळणं, चार वळणं. पाचव्या वळणाच्या अलीकडे पेडल लोण्यात बोट शिरावं तसं खाली गेलं. पुन्हा मारलं, थोडं लागलं. तिसऱ्यांदा तळाला टेकलं. ही जुनी रचना : मास्टर सिलिंडर एकच, त्याच्यातून निघणारी लाइनही एकच. चारही चाकांचे ब्रेक एकदमच जातात, दोनावर निभावणं वगैरे भानगड नाही.

"दुसरा टाका," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही, हे मला आजही आठवतं. दुसरा गिअर पडेना. "क्लच सोडा. न्यूट्रलला रेस द्या. आता दाबा. टाका." डबल क्लचने पडला. इंजिन ओरडायला लागलं आणि गाडीचा वेग कमी झाला. हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांपर्यंत जोर नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर आहे. तो चालत्या गाडीत खेचला तर शाफ्टला हिसका बसतो, म्हणून अगदी शेवटी, सपाटी आल्यावर, हळूहळू ओढला. थांबलो. चारही ड्रममधून जळका वास येत होता. खाली दरीत निजामपूरच्या बाजूची भातखाचरं कापणीला आलेली, पिवळी. मला ती दिसत होती, पण माझे गुडघे थरथरत होते.

अण्णांनी ड्रमवर पाणी टाकू दिलं नाही. "बसा. चाळीस मिंटांनी ब्रेक आपोआप येतील."

आले. पेडल पुन्हा घट्ट. आणि यातच निदान होतं : नुसत्या गळतीने गेलेला ब्रेक बसून परत येत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, अगदी बंद डबीतही, रबराच्या नळ्यांतूनही. नवं डॉट-३ तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की तेच १४० अंशांना उकळतं. घाटात ड्रम तापले, तेलात वाफेचे बुडबुडे झाले आणि माझा पाय बुडबुडे दाबत बसला. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल. एखाद्या मेकॅनिककडे गाडी नेली असती तर त्याला काही सापडलंच नसतं, कारण तोवर ब्रेक उत्तम असते.

उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. माणगावात एका गॅरेजच्या दारात जागा मागितली आणि तिथे ती पारदर्शक नळी निघाली. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. उजव्या हाताच्या गाडीत ते मागचं डावं. नळीचं एक टोक चाकामागच्या, तेल सोडायच्या निपलला, दुसरं बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. "मारा. मारा. मारा. दाबून धरा." निपल सैल, निपल घट्ट. "सोडा." नळीतून आधी कोऱ्या चहासारखं तेल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ. चारही चाकांना मिळून दीड तास. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरचं रबर किट गॅरेजवाल्याकडे होतं, तेही घातलं. त्या पोराने जागेचे पैसे घेतले नाहीत. अण्णा निपल कसं हाताळतात ते बघायला मिळालं, म्हणाला.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्राचा नुसता आवाज. जेवताना अण्णा म्हणाले, "यष्टी रोज पळती म्हणून टिकती. ही उभी ऱ्हाऊन म्हातारी झालीया." नंतर चार दिवस मी हे वाक्य तपासत होतो. झाकणाचं रबर, ब्रेकचं तेल, दोन्ही किलोमीटरने नव्हे, वर्षांनी मेले होते.

दुसरा दिवस : हरिहरेश्वर – बागमांडला – हर्णे

सकाळी सेल्फ मारला तर "कट्". पुन्हा "कट्". मी बॅटरी मेली म्हणून जाहीर केलं. अण्णांनी दिवे लावायला सांगितले, दिवे लख्ख. मग पुन्हा सेल्फ मारायला सांगून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि झटकन काढला. केबल चटका देत होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे चॅसीला त्याचं अर्थिंग एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडतात. ती पट्टी गंजली की सेल्फचा एवढा मोठा करंट परत जायला जी मिळेल ती वाट धरतो : अ‍ॅक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. बॅटरी बदलणारे यात हमखास फसतात. मीही दोन वर्षांत एक बदलली होती. पट्टीचा बोल्ट काढला, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासल्या, लावला. पहिल्या सेल्फला चालू.

बागमांडल्याहून वेसवीला जेटी, म्हणजे गाड्या पार नेणारी फेरीबोट. सावित्रीच्या खाडीवर जीप उभी करून चहा पिणं ही चैन मी प्रत्येकाला सुचवीन. फक्त पलीकडे उतरताना चालू होईल ना, हा विचार मनातून काढता आला पाहिजे. झाली.

वेसवीहून केळशीकडे जाताना एका चढावर मात्र गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. दम जातो, परत येतो, जातो. वर पोचायच्या आत बंद. डिझेल गाडी अशी मरते तेव्हा दोनच संशय : डिझेलात पाणी, नाहीतर डिझेलला एअर. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल केला तर अर्धी वाटी पाणी आणि गंजाचा गाळ निघाला. पावसाळाभर टाकी अर्धी रिकामी होती. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार पडते, पत्र्याला आतून दव सुटतं, ते डिझेलखाली जाऊन बसतं. आता कळलं, गाडी उभी करायची तर टाकी भरून उभी करायची. पूर्वी मला वाटायचं, चालवायची नाही तर कशाला भरा.

फिल्टर बदलला, हाताच्या पंपाने एअर काढला, चालू झाली आणि २ किलोमीटरवर पुन्हा बंद. यावेळी पाणी नव्हतं. कुठे गळतीही नव्हती. मी सगळ्या नळ्यांवरून हात फिरवला, कोरड्या. अण्णा हसले. टाकीपासून पंपापर्यंतची नळी शोषते. तिला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून चीर दिसतच नाही. त्यांनी ती पारदर्शक नळी मधे जोडली आणि इंजिन चालू केलं : डिझेलातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे. मागची रबराची नळी वाकवली तर वाकावर बारीक चिरा. तिचं टोक कापून, पुढे ओढून, क्लिप आवळली. साबणाची वडी यावेळी लागली नाही. ती टाकीच्या चिरेवर घासायला असते. डिझेलात साबण विरघळत नाही.

हर्ण्याला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालू होता. माझी जीप कशी लिलावात घेतली ते मी अण्णांना तिथे उभं राहून पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पापलेट तरी ताजं बघून घेत्यात लोकं."

तिसरा दिवस : हर्णे – दाभोळ – धोपावे – गुहागर

दापोली, दाभोळ, मग दुसरी जेटी, वाशिष्ठीच्या खाडीवरून धोपाव्याला. इथपर्यंत काही घडलं नाही आणि मी खुळ्यासारखं म्हणालो, "आता जरा हिला तिच्या लायकीच्या रस्त्यावर घालू."

समुद्रावर गाडी घालायची नाही हे ठरलेलं होतं. कासवांच्या घरट्यांचे दिवस सुरू होत असतात. शिवाय वाळू आणि खारं पाणी मिळून चॅसीचं जे करतात ते बघून कीव येते. पण सडा होता. जांभ्याचं उघडं पठार, वाळलेलं सोनेरी गवत, मधून चिऱ्याच्या जुन्या खाणीकडे गेलेली तांबडी वाट. वाट खाणीत उतरली आणि पलीकडच्या बाजूने पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढली होती.

पुढची चाकं जोडली, लो टाकला. लो-रेंजमध्ये चाकाला अडीचपट जोर मिळतो आणि इंजिन जवळजवळ ताण न घेता गाडी मुंगीसारखी चढते. चढली नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरून धूळ उडवत होती, पुढची थंड. उतरून पाहिलं तर दांडी बरोबर, पुढचा प्रॉपेलर शाफ्टही फिरतोय. चाकाच्या मध्यभागी जी फिरवायची टोपी असते, जिला आपल्याकडे सरळ हब म्हणतात, ती उजवीकडची नीट लॉक झाली होती. डावीकडची माझ्या बोटांनी फिरली, पण आत काहीच पकडलं गेलं नाही. एका बाजूचा हब मोकळा असला की डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला सांडून टाकतं. म्हणजे इतकी वर्षं मी जे फोर-व्हील म्हणून मिरवत होतो ते मागच्या दोन चाकांचं होतं. मित्रांचे फोटो काढून झालेत त्या दांडीसोबत.

हब उघडला. ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, आतली सरकणारी कडी त्यात चिकटलेली. डिझेलने धुतली, नवं ग्रीस लावलं, टकटक आवाज करत बसली. महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून मातीत शंभर मीटर गाडी हलवली असती तर एवढंच काम पुरलं असतं. मातीतच, डांबरावर नाही. डांबरावर चाक घसरत नाही, वळणात पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापावं लागतं, आणि तो फरक शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ होऊन साठतो.

मग मात्र चढली. आणि वर, शेवटच्या पायरीवर, मागून "ठप्प" असा एक आवाज आला.

सपाटीवर गाडी सरळ जाईना. स्टेअरिंग थोडं उजवीकडे धरलं तरच सरळ. अण्णा खाली उतरून मागे वीस पावलं जाऊन उभे राहिले आणि मला गाडी पुढे घ्यायला सांगितली. "खेकडा झालाय," ते ओरडले. मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नव्हती. मागच्या डाव्या चाकाने मडगार्डची पुढची कड जवळ केली होती. सेंटर बोल्ट तुटला होता.

पाट्यांची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांची जुडी मधोमध ज्या एका बोल्टने एकत्र असते तो हा सेंटर बोल्ट. त्याचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसतं आणि अ‍ॅक्सल जागेवर आहे हे दाखवतं. दाखवतं, एवढंच, धरून ठेवायचं काम यू-बोल्टचं. यू-बोल्ट पाट्यांना अ‍ॅक्सलवर इतके घट्ट आवळतात की सरकायला जागाच राहत नाही. ते ढिले पडले की सगळा भार त्या बारक्या बोल्टवर येतो आणि तो सुरीने कापल्यासारखा तुटतो. अण्णांनी विचारलं, पाट्यांचं काम कधी केलं? गेल्या मे महिन्यात, एक पाटा नवा घातला. "आन् शंभर किलोमीटरनी परत आवळायला गेलता?"

नव्हतो गेलो. नवे पाटे चालले की बसतात, गंज आणि रंग दबतो, आणि यू-बोल्ट आपोआप सैल होतात. परत आवळायला या, असं मला सांगितलं होतं. गर्दीचे दिवस होते, राहून गेलं.

सड्यावर दुपारचे दोन. सावलीला एकच झाड. रस्त्यापर्यंत खेकड्याच्या चालीने गेलो आणि तिथे वडापची एक गाडी थांबली. आत बारा-चौदा माणसं, टपावर आंब्याची कलमं. चालकाने खाली वाकून पाहिलं, आपल्या सीटखालची पत्र्याची पेटी काढली आणि त्यातून सेंटर बोल्ट दिला. नवा. सोबत ठेवतोच म्हणाला, ओझं वाहणाऱ्याला माहीत असतं. पैसे विचारले तर साठ रुपये. प्रवाशांपैकी एकही जण कुरकुरला नाही. दोघांनी तर उतरून सल्ले दिले.

बोल्ट मिळाला तरी तीन तास गेले. चॅसी जॅकवर, अ‍ॅक्सल दगडावर, यू-बोल्ट सैल. तुटका तुकडा पंचाने ठोकून काढला, पाट्यांची जुडी पकडीने आवळून नवा बोल्ट घातला. मग सरकलेला अ‍ॅक्सल परत जागी आणायचा. दुसरा जॅक नव्हता. अण्णांनी अ‍ॅक्सलला दोर बांधून तो झाडाच्या बुंध्याला अडकवला, मला क्लच अर्धा सोडून गाडी केसभर पुढे घ्यायला लावली. बोल्टचं डोकं भोकात पडल्याचा आवाज इतका समाधानाचा होता की आम्ही दोघंही काही बोललो नाही. यू-बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्याने, थोडे थोडे, सारखे आवळले.

गुहागरला जेवायला वेळेत पोचलो नाही. खानावळीच्या काकूंनी भात आणि सोलकढी राखून ठेवली होती, त्यावरच झोपलो.

चौथा दिवस : गुहागर – चिपळूण – कुंभार्ली – कराड

निघाल्या निघाल्या अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "टिक्-टिक् येतंय. सावकाश चालवा." मला काहीच ऐकू येत नव्हतं. २० च्या वेगाला मागून पक्षी बोलावा तसा बारीक आवाज, आणि गिअर बदलताना एक "टक्". थांबून पाहिलं तर मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसच्या, म्हणजे टोकाच्या फिरत्या सांध्याच्या टोपीभोवती तांबडी भुकटी जमली होती. मी म्हटलं जांभ्याची धूळ. अण्णांनी चिमटीत घेऊन चोळली. "लोखंडाची हाय ही." आतले सुईएवढे रोलर ग्रीस संपल्यावर घासून गंज झाले होते. असा क्रॉस घाटात तुटला तर शाफ्ट खाली पडून जमिनीत रुततो. इथे आणखी एक मेख : आमचा हँडब्रेक त्याच शाफ्टवर. शाफ्ट गेला की तोही गेला.

चिपळूणला गॅरेज मिळालं. अण्णा दुकानात क्रॉस आणायला गेले. तेवढ्या वेळात आपणही काही करून दाखवावं म्हणून मी शाफ्ट उतरवला आणि सरकता जोड ओढून दोन तुकडे वेगळे केले. अण्णांनी येऊन शिकंज्यावर जुना क्रॉस दाबून काढला, नवा बसवला. मी जोड पुन्हा सरकवला, बोल्ट लावले. तासाभराचं काम. मी खूश.

पोफळीपासून कुंभार्ली घाट लागतो. चढ दुसऱ्या गिअरमध्ये छान झाला, काटा मधल्या खुणेला, खाली कोकण धुरकट होत गेलं. वर हेळवाक आलं, रस्ता सपाट झाला, वेग ४५ झाला आणि गाडी थरथरायला लागली. बुडातून. आरसा इतका हलत होता की मागचं काही दिसेना. ३० ला शांत, ४५ ला परत. क्रॉस खराब निघाला असणार, मी म्हणालो.

अण्णा गाडीखाली गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "दाजी, जोड काढताना खूण केलती?"

क्रॉसने जोडलेला शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकं उलट करून ते पुसून टाकतो. त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे चिमटे, एका सपाटीत हवेत. सरकत्या जोडाला दाते असतात, कुठेही बसतो. मी तो भलत्याच दातांवर बसवला होता, आणि दोन क्रॉस एकमेकांची चूक पुसायच्या ऐवजी त्यात भर घालत होते. म्हणून काढण्याआधी खडूने, पंचाने, कशानेही दोन्ही तुकड्यांवर एक रेघ मारायची असते. एवढ्या चार दिवसांत जे काही बिघडलं ते दुर्लक्षाने. हे एक मात्र मी स्वतः, मन लावून बिघडवलं.

कोयनानगरच्या अलीकडे रस्त्याकडेला पुन्हा शाफ्ट उतरवला. अण्णांनी एकदाही टोमणा मारला नाही, त्याने जास्त लागलं. योक सरळ केले, गाडी साठलाही गप्प. पाटण, मग कराड. सासुरवाडीला पोचलो तेव्हा दिवाळीचा आकाशकंदील अजून लावलेला होता. वहिनींनी दारातच दोघांचे हात बघितले आणि आधी रॉकेलची बाटली, मग पाणी आणून दिलं.

पाचवा दिवस : कराड – पुणे, एकटाच

सकाळी निघायच्या आधी अण्णांनी पुढचं चाक जॅकवर घेतलं. वरून-खालून धरून हलवलं, ढिलं. मला ब्रेक दाबून धरायला लावलं आणि पुन्हा हलवलं, तरीही ढिलं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला असता तर चाकाची बेरिंग. राहिला, म्हणजे किंगपिन, चाक ज्यावर वळतं ती खीळ. "काम मोठं हाय, पुण्यात करा. पन्नासच्या वर जाऊ नगा."

साताऱ्यापर्यंत पाळलं. पुढे रस्ता मोकळा, मी एकटा, गाडी गप्प. ६५ला एका सांध्यावरून चाक गेलं आणि स्टेअरिंग हातात फडफडायला लागलं. कोंबडी धरल्यासारखं. आख्खं तोंड डावीकडे-उजवीकडे, बॉनेट थडथडतंय. यात ब्रेक जोरात मारायचा मोह होतो. मी दोन्ही हात घट्ट धरून नुसता पाय काढला. तीसच्या खाली आल्यावर थांबलं. मागच्या ट्रकवाल्याने जाताना काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, तोंड दिसलं. तिथून खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, सगळं डाव्या लेनमध्ये, चाळिसाने. साडेचार तास लागले.

रात्री पार्किंगमध्ये गाडी लावली आणि न सांगता पुठ्ठा उलटा करून खाली सरकवला.

सकाळी फोन. "काय म्हणतोय पुठ्ठा?"

काळा डाग आहे, लहान. मधला तपकिरी आहे, तेवढाच. रेडिएटरखाली कोरडं. ब्रेकचा नाही. मी एकेक सांगत होतो. "आणि एक नवा आहे, अण्णा. मागे, मधोमध. डिफरन्शियलच्या तोंडाशी."

"वास घ्या."

मी गुडघ्यावर बसून पुठ्ठा ओढला. शेजारचे काका स्कूटर काढत होते, ते थांबून बघत राहिले. "सडक्या अंड्याचा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग अण्णा म्हणाले, "पिनियनचं सील. त्या थरथरीनं गेलं आसंल." त्या थरथरीचा कर्ता कोण, हे दोघांनाही माहीत होतं. "रविवारी येतो. सील मी आणू, का तुमी आणताय?"